हिरवा कप्तान

कवळीवाल्या बाईंचा हात तसा पक्का. डॉक्टरांकडून साचा आला की मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या. सगळी उमर त्यात गेली. पण त्या आठवड्यात त्यांनी एका आजोबांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे नि उजवा डावीकडे बसवला. शेजारच्या टेबलावरची मदतनीस बघतच राहिली.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"काही नाही गं. एक सिनेमा पाहिला."

लहानपणी वडिलांनी त्यांना आणि धाकट्या भावाला कुठल्याशा सिनेमातल्या अंतराळवीरांचे प्लॅस्टिकचे पुतळे आणून दिले होते. सिनेमा काही त्यांच्या वाट्याला आला नाही. मग दोघांनी तो स्वतःच रचला. त्यात नायक एकच, हिरवा कप्तान. त्याचे गुडघे वाकायचे, मान गर्रकन फिरायची. पलंगाखाली त्याचं राज्य. बादलीत त्याचं यान रोज बुडायचं आणि हा पठ्ठ्या रोज सगळ्यांना वाचवून वर यायचा. पुढे घर बदललं, पुतळे कुणाकुणाला देऊन टाकले. बाईंच्या डोक्यातून कप्तान मात्र हलला नाही. परवा मुलीने खोदून खोदून वर्णन विचारलं, तो सिनेमा शोधून काढला आणि हौसेने लावून दिला.

हिरवा कप्तान आला. त्याने एक दार उघडलं. कुठूनशी गोळी आली, तो कोसळला आणि बाकीचे त्याला ओलांडून पळाले. त्याला नावसुद्धा नव्हतं.

"आई, बस ना खाली," मुलगी म्हणाली.

बाई कसल्या बसतात! ओट्यापाशी गेल्या, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखलं. शेवटी न राहवून त्या भावाच्या दुकानात जाऊन थडकल्या. भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा.

"अरे, आपला कप्तान नुसता दार उघडणारा निघाला!"

भावाने मान वर केली नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"कॉलेजात असताना पाहिला होता मी."

"आणि मला बोलला नाहीस?"

"काय बोलणार, ताई? सासरहून आलीस की पहिलं त्याचंच काढायचीस. हसून हसून सांगायचीस. माझी जीभच उचलली नाही."

बाई तणतणत बाहेर पडल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथे उगाच थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या.

"त्याला मारलं कुणी? दिसलं का तुला?"

"नाही बुवा. अंधार आहे तिथे."

"मलाही नाही दिसलं. लाव बरं पुन्हा."

भावाने हात पुसले, फोन मशीनला टेकवून उभा केला आणि बहिणीपुढे स्टूल सरकवलं. बाईंनी ते पायाने बाजूला केलं. सिनेमा सुरू झाला. एक गिऱ्हाईक डोकावलं, त्याला भावाने हातानेच उद्या यायला सांगितलं. दाराचा प्रसंग आला. दोघं वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले. कप्तान पडला. मारणारा काही दिसला नाही.

"बंद करू?"

"कशाला? याच्यानंतर बाकीच्यांचं काय होतं ते तरी कळू दे," बाई म्हणाल्या.

आणि उरलेला सिनेमा त्यांनी उभ्यानेच पाहिला.