एका डोळ्याने पाहिलेला समुद्र

तार आली तेव्हा मी बागेत केळीचे घड उतरवत होतो. पोस्टमन बांधावरून हाक न मारता मुकाट चालत आला. एरवी हा माणूस दोन शेतं लांबून ओरडतो. इंग्रजीतल्या त्या ओळीत मला नीट वाचता आलं ते फक्त देवीदासचं नाव. उरलेलं पोस्टमननेच वाचून सांगितलं. माझा धाकटा भाऊ मुंबईजवळच्या समुद्रात, एका बोटीवर, माशाच्या वाराने मेला होता. वय सत्तावीस. हातातला घड मी गाडीपर्यंत नेला, पाल्यावर नीट आडवा ठेवला, आणि मग खाली बसलो… आधी घड का ठेवला, ते आजही कळत नाही.

त्याला दीड महिना झाला. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात लोक अजून दोन गोष्टी विचारतात. मासा माणसाला मारतो कसा? आणि ज्या घरात कधी अंडं आलं नाही, त्या घरातला मुलगा माशांच्या नोकरीत गेला कसा? दोन्ही उत्तरं मला ठाऊक आहेत. दोन्हींत मीही आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी केळीच्या वॅगनची चौकशी करायला मी भुसावळ स्टेशनवर गेलो होतो. पंधरा वर्षांचा देवीदास सोबत होता. मुंबईच्या गाडीतून रेल्वे कॉलनीसाठी बर्फात घातलेले मासे येत. हमालाच्या हातून एक पेटी सुटली, फळ्या फुटल्या आणि बर्फाबरोबर एक विचित्र जनावर फलाटावर घरंगळलं. डोकं हातोड्यासारखं आडवं, आणि दोन्ही टोकांना एकेक डोळा. लोक नाक धरून बाजूला झाले. देवीदास मात्र त्याच्यापुढे उकिडवा बसला. "भाऊ, याले दोन्हीकडचं एकदम दिसत असन का?" त्याने मला विचारलं. पेटीवाल्याने येऊन त्याच्या कानशिलात मारली, मालाला हात लावला म्हणून. गालावर पाच बोटं उठली, तरी तो त्या डोळ्याकडेच बघत होता. मीच त्याला दंडाला धरून ओढत नेलं.

पुढे जळगावला कॉलेजात गेल्यावर त्याने बंदरांच्या कचेऱ्यांना पोस्टकार्डं लिहायला सुरुवात केली. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा तर काय शिकावं लागतं, त्याची नोकरी असते का, खानदेशातल्या मुलाला घेतात का… बहुतेक कार्डांना उत्तर आलं नाही. एकाने कळवलं की प्राणिशास्त्राची पदवी घ्या, पोहायला शिका आणि बोट लागत असेल तर दुसरं काही बघा. त्या सुट्टीत तो रोज तापीवर जाऊन पोहला. एकदा भोवऱ्यात सापडला, खडकावर आपटून बरगडी मोडून आला, आणि पट्टी सुटल्याबरोबर पुन्हा पाण्यात उतरला. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला औषधात ठेवलेले मासे अभ्यासाला दिले होते. काचेच्या चार बरण्या. त्या त्याने घरी आणून कोठाराच्या फळीवर, हरभऱ्याच्या कणगीमागे लपवल्या.

त्याच उन्हाळ्यात आमच्या बहिणीला, सिंधूला, पहूरहून पाहायला आले. सगळं जमत आलं होतं. पाहुण्यांपैकी एक जण हात धुवायला मागच्या बाजूला गेला, औषधाच्या उग्र वासाने कोठारात डोकावला आणि बरण्या बघून परत आला. मंडळी चहा तसाच ठेवून उठली. आबा, म्हणजे आमचे वडील, कोठारात गेले आणि एक बरणी हातात घेऊन अंगणात आले. "हे काय सडवून राह्यला घरात?" त्यांनी विचारलं. देवीदास शांतपणे म्हणाला, "आबा, हा माझा अभ्यास शे. मी समुद्रावर नोकरी करीन."

त्याचा तो शांतपणा मला सहन झाला नाही. मी गाडीचा चाबूक ओढून घेतला आणि त्याच्या पाठीवर मारत सुटलो. किती मारलं ते मोजलं नाही. सदरा फाटला, पाठ फाटली. सिंधू मध्ये आली, तिच्या मनगटावर एक बसला. तो ओरडला असता तर मी कदाचित थांबलो असतो. तो ओरडला नाही. मग मी आबांच्या हातातली बरणी घेतली आणि त्याच्या पायांपुढच्या दगडावर आपटली. तो ती वाचवायला खाली वाकला होता… काच आणि औषध त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. तेव्हा मात्र तो ओरडला. तो आवाज मी इथे लिहू शकत नाही.

बैलगाडी, मग बस, मग जळगावचं हॉस्पिटल. गाडीत त्याचं डोकं सिंधूच्या मांडीवर होतं आणि तिच्या लुगड्यावर रक्त आणि पाणी एकत्र गळत होतं. डॉक्टरांनी पाठीवरचे वळ पाहिले आणि विचारलं, "कुणी मारलं?" मी दारात उभा होतो. देवीदास म्हणाला, "कुणी नाही. बरणी फुटली." डोळा काढावा लागला. तीन आठवड्यांनी तो हॉस्पिटलमधून परस्पर मुंबईच्या गाडीत बसला. सिंधूला पत्रं लिहायचा, मला नाही. सिंधूचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं. ती मला एकदाच म्हणाली, "पहूरचं मोडलं ते बरंच झालं. पण तू माझ्यासाठी मारलं असं कोणाले सांगू नको."

सहा वर्षांनी तिनेच मला मुंबईला ढकललं. तोवर तो पदवी घेऊन समुद्रातले मासे ठेवतात त्या मत्स्यालयात नोकरीला लागला होता. मी मागच्या दाराने गेलो. ओल्या फरशीवर एक भलंमोठं कासव पडलं होतं. बोटीच्या पंख्याने त्याची पाठ फोडली होती, कवचाच्या भेगेतून आतलं लाल मांस हलताना दिसत होतं. देवीदास गुडघ्यांवर बसून जखम धूत होता. त्याने मान वळवून उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी घरून पाठ करून आलो होतो, तरी "देवा, तुझा डोळा…" एवढंच तोंडातून निघालं. तो म्हणाला, "भाऊ, याची मान धर. घट्ट नको."

मी धरली. कासवाने पुढचा पाय असा हाणला की माझं मनगट टरारून सुजलं. तो हसला, लहानपणी हसायचा तसा. तीन दिवस मी तिथेच राहिलो आणि त्याला हवं ते उचलून देत राहिलो. तिसऱ्या दिवशी कासव मेलं. मला वाटलं तो रडेल. त्याने सुरी घेऊन ते उघडलं, फुप्फुसात कुठपर्यंत पाणी गेलं होतं ते पाहिलं, वहीत लिहिलं, आणि मग हात धुऊन भिंतीला टेकला. "पुढच्याला आधी उताणं करायचं नाही," तो म्हणाला. "मी केलं, ते चुकलं." डोळ्याची गोष्ट त्याने काढली नाही. निघताना मीच म्हटलं, की माझं पाप मोठं आहे. तो म्हणाला, "आहे. पण म्हणून येणं बंद नको करू." त्यानंतर मी दर वर्षी जात होतो.

मत्स्यालयासाठी मासे आणायला तो कोळ्यांच्या बोटीवर जात असे; त्याचा शेवट मला ती बोट हाकणाऱ्या तांडेलाने सांगितला. साठीचा माणूस, सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. जाळ्यात बैलगाडीपेक्षा लांब मासा आला होता, नाकापुढे दोन हात लांब करवत आणि तिला दोन्ही बाजूंनी दात. असा मासा आला की कोळी आधी सोट्याने त्याचं डोकं फोडतात, नाहीतर तो बोटीवरच्यांना फाडतो. तांडेल म्हणाला, "आम्ही सोटे उचलले होते. साहेबांनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, मादी आहे, आत पिल्लं जिवंत आहेत, जाळं कापून सोडू या. मी म्हटलं, साहेब, आधी मारू द्या. ते ऐकेनात." देवीदास जाळं कापायला वाकला तेव्हा माशाचं तोंड त्याच्या डाव्या बाजूला होतं. त्या बाजूचं त्याला दिसत नव्हतं… माशाने तोंड फिरवलं आणि करवत त्याच्या पोटापासून मांडीपर्यंत गेली.

कोळ्यांनी मग त्या माशाला मारलं. मेल्यावरही मारत राहिले, डोक्याचा चिखल होईपर्यंत. "साहेब बघत होते," तांडेल म्हणाला. "बोलता येत नव्हतं." बंदर यायच्या आत तो गेला. माशाचं पोट चिरलं तेव्हा आतून पिल्लं निघाली, ती त्यांनी समुद्रात टाकली. जगली का, असं मी विचारलं. "आम्ही साहेबांना धरून होतो. तिकडे कोण बघणार?"

त्या बाजूचं का दिसत नव्हतं, हे तांडेलाला विचारायची गरज मला नव्हती.

देवीदासचं सामान आणायला मी गेलो तेव्हा आबा सोबत आले. सत्तरीचा माणूस, समुद्र पहिल्यांदा बघत होता. किनाऱ्यावर ते फार थांबले नाहीत. "तो काम करायचा ती जागा दाखव," म्हणाले. मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत खिळ्याला त्याचा रबरी एप्रन टांगलेला होता, खवले चिकटलेला, कडेला रक्ताचे काळे डाग. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो धुऊन पाठवतो म्हटलं. आबांनी मान हलवली, खिळ्यावरून तो स्वतः काढला, आणि मुंबई ते भुसावळ मांडीवर घेऊन बसले. डब्यातली माणसं उठून दुसरीकडे गेली.

आता तो एप्रन आमच्या मधल्या घरात, आबांच्या खाटेशेजारी टांगलेला आहे. वास जात नाही. स्वयंपाकघरापर्यंत येतो, पाहुणे दारातच अडखळतात. परवा माय बादली घेऊन आली आणि तिने एप्रनला हात घातला. आबा खाटेवर उठून बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "धू नको त्याले."