फरशीखालची विहीर

धाकट्या बहिणीने तिच्या गावात दोघींच्या शिवणवर्गासाठी जागा मिळवली, तेव्हापासून घाईबाईंचे पाय जमिनीवर टिकेनात. घर विकायचं आणि बहिणीकडे निघायचं! 'घाईबाई' हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. त्या बोलायच्याही शिलाई मशीनच्याच वेगाने.

दलालाने एकच गोष्ट बजावली होती. मागच्या खोलीखाली जुनी विहीर होती. सासऱ्यांनी तिच्यावर स्लॅब टाकून खोली वाढवलेली. वरून पाहून कुणाच्या बापाला कळलं नसतं, तेव्हा बाईंनी तोंड उघडायचं नाही.

बाईंनी वकील भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, डोळ्यांना दिसतं ते घेणाऱ्याने पाहावं. दिसत नाही, पण तुला ठाऊक आहे, ते तू सांगायलाच हवंस."

पहिल्या जोडप्याने विहिरीचं नाव ऐकताच चपला शोधल्या. दलालाने कपाळाला हात लावला. बाई दोन दिवस खट्टू होत्या.

मग रोपवाटिका चालवणारी एक बाई वडिलांना घेऊन आली. घाईबाईंनी दारातच सुरुवात केली: पावसात छत गळतं, कुंपणावरून शेजाऱ्याशी वाद आहे, आणि मागच्या खोलीखाली विहीर आहे. म्हातारे दचकले. मुलीने मात्र विचारलं, "पाणी आहे तिला?"

ते घाईबाईंनाही ठाऊक नव्हतं. आता त्यांनाच दम निघेना. त्यांनी लगोलग गवंड्याला बोलावलं. त्याने कोपऱ्यातली लादी काढली, पहारीने खालचं स्लॅबमधलं झाकण उचकटलं, तसा गार ओला वास वर आला. दोघी गुडघ्यांवर बसल्या. मुलीने खडा सोडला. काहीच ऐकू येईना. आणि मग खोलवरून 'डुबुक'!

घाईबाईंनी तिचा दंडच घट्ट धरला. जणू विहीर त्यांनीच खणली होती.

गवंड्याने स्लॅबला तडा गेल्याचं दाखवलं. म्हातारे म्हणाले, "अशा खोलीत माणसं झोपवायची का?" मुलगी म्हणाली, खोली पाडू, तिथे रोपं ठेवू. घासाघीस झाली, दुरुस्तीपोटी किंमत थोडी उतरली. भाच्याने विहीर, छत आणि कुंपण, तिन्ही गोष्टी करारात घातल्या.

घाईबाईंनी बहिणीला फोन लावला. खडा, आवाज, गार वास, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"ते झालं गं," बहीण म्हणाली, "पण घर विकलं गेलं का?"

तेवढं सांगायचं राहूनच गेलं होतं.