नळी कापण्याआधी

ओइवामामाला स्वस्थ बसलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा टेबलाखाली त्याचा एक पाय हलत असतो, आणि सिरक्कामामी बोलता बोलता त्यावर आपला पाय ठेवते. आरागिरणीत तो आयुष्यभर पात्यांना धार लावत होता. गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस घरात मामीला वेड लावणार. पण त्याने सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, मागच्या खोलीत बाक मांडला आणि सैन्याने मोडीत काढलेल्या जुन्या रायफली दुरुस्त करायला घेतल्या. फिनलंडमधल्या आमच्या काइनूत अशा रायफलींना तोटा नाही. कुणाच्या आजोबांनी विकत घेतलेली, कुणाला वाटणीत आलेली, माळ्यावर गंजत पडलेली.

बर्फ वितळलं तेव्हा उन्तोने त्याच्या वडिलांची रायफल आणली. हा उन्तो मामाचा शाळेपासूनचा मित्र. इतका जुना की दोघं एकमेकांशी कधी सरळ बोलत नाहीत. रायफलीच्या लाकडाला होडीचा तपकिरी रंग फासलेला होता.

"कुणा गाढवाने केलं हे?" मामा म्हणाला.

"माझ्या बापाने. मेलेल्या माणसाला बोलू नकोस."

"बरं, तुला बोलतो. इतकी वर्षं तू काय करत होतास?"

"रंग चांगला टिकतोय का ते पाहत होतो."

उन्तोला ती रायफल घेऊन ऑगस्टमधल्या जुन्या सैनिकी रायफलींच्या स्पर्धेत उतरायचं होतं. मामाने काचेच्या तुकड्याने रंग खरवडला. खाली बर्चचं लाकूड निघालं, फिकं, सोललेल्या बटाट्यासारखं. पाइनचं डांबर आणि जवसाचं तेल कोमट करून तो ते तळव्याने चोळत राहिला. मग त्याच्या केसांना, टॉवेलांना, पावालाही डांबराचा वास यायला लागला. नळीतून कढत पाणी सोडलं, गंज काढला. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये सैन्याच्या कारागिरांनी पितळेच्या पातळ पट्ट्या घातलेल्या असतात. कचरा समजून लोक त्या फेकतात आणि मग रायफल नेम धरत नाही. मामाने प्रत्येक पट्टी होती तिथेच परत बसवली.

मग चांदमारी सुरू झाली. मैदान पाइनच्या रानात, वाळूच्या टेकडीला लागून आहे. मामा पालथा झोपून गोळी झाडायचा, मी दुर्बिणीतून शंभर मीटरवरचा कागद पाहायची.

"कुठे?"

"खाली."

"आता?"

"परत खाली. डावीकडे."

गोळ्या मुठीएवढ्या जागेत पडायला हव्यात. या मात्र कागदाच्या खालच्या अर्ध्यात सांडल्यासारख्या पडत होत्या. मामाने पट्ट्या बदलल्या. एक जाड घातली, मग दोन पातळ. लाकूड आतून किंचित तासलं. घरी आला की पुन्हा खोलीत जायचा. जेवताना मध्येच उठायचा. रात्र उजेडाचीच असते जूनमध्ये, पण तो झोपत नव्हता त्याचं कारण उजेड नव्हतं. उन्तो म्हणाला, मला दे, मी मारून बघतो. तर मामा भडकला.

"अर्धवट काम मी कुणाच्या हातात देत नाही."

शेवटी त्याने निकाल दिला: नळीचं तोंड झिजलंय. कधीकाळी कुणीतरी साफ करायची सळई वाकडी घातली असणार. सोमवारी गावातल्या कार्यशाळेत लेथवर बोटभर नळी कापायची.

"ओइवा, कापलेली नळी वाढत नाही," उन्तो म्हणाला. रायफल त्याची होती. आवाजात या वेळी थट्टा नव्हती.

"मग स्पर्धेत काय, तिच्या दस्त्याने मारामारी करणार आहेस?"

मार्चमध्ये एक गोष्ट झाली होती. दुसऱ्याच एका रायफलीत एक जुनं काडतूस फुटलं आणि गरम वायूचा झोत मागे मामाच्या तोंडावर आला. चष्म्याने डोळे वाचवले. एक भुवई करपली. तो हसला, वेलदोड्याचे दोन गोड पाव खाल्ले आणि घरी आला. मामीने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. "होतं असं," तो म्हणाला, आणि त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

सोमवारच्या आधीच्या शनिवारी आम्ही चौघंही मैदानावर होतो. मामी नेहमी लांब बाकावर कॉफीचा थर्मास घेऊन बसते. त्या दिवशी ती येऊन मामाच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसली.

"आज काडतुसं मी भरून देते."

"तुझ्या हातांना लोणी असेल."

"पुसलेत. तू समोर बघ."

पाच काडतुसं तिने पाठमोरी होऊन रायफलीत भरली आणि रायफल त्याच्या हातात दिली. पहिली गोळी. "खाली," मी म्हणाले. दुसरीही खाली. तिसऱ्या वेळी त्याने चाप ओढला आणि नुसतंच टक् झालं.

मी दुर्बिणीवरून डोकं उचललं होतं, म्हणून मला दिसलं. नळीचं टोक झपकन जमिनीकडे गेलं. मामाचा खांदा पुढे झेपावला. डोळे घट्ट मिटलेले. एरवी हे सगळं आवाजाच्या आणि धक्क्याच्या आड होऊन जायचं. आज ते उघड्यावर झालं.

काडतूस पेटलं नाही तर हलायचं नसतं. ते उशिराने उडू शकतं. नळी समोर धरून थांबायचं, हा नियम. मामीला माहीत होतं की हे उडणार नाही, पण ती बोलली नाही. मामाच्या मानेवर डास बसला. त्याने मारला नाही. त्याचे दोन्ही पाय वाळूत निपचित पडले होते. 

बऱ्याच वेळाने मामाने बोल्टचा दांडा मागे ओढला. काडतूस चटईवर पडलं. त्याच्या बुडाला आधीचाच खड्डा होता. असली नकली काडतुसं मामा स्वतः बनवतो, नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी. खऱ्यांत एक मिसळून देतो, म्हणजे दचकणाऱ्याला आपलं दचकणं दिसतं.

"माझ्या डब्यातलं," तो म्हणाला.

"तुझ्याच."

"केव्हापासून ठरवत होतीस?"

"तू लेथ ठरवलंस तेव्हापासून. त्याआधी वाटत होतं, मार्चमधली धास्ती आपणहून जाईल."

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

 मामा उठला, गुडघ्यांची वाळू झटकली आणि रायफल रिकामी करून उन्तोपुढे धरली. "घे. मार."

उन्तो सावकाश झोपला, कण्हला, वाळूला शिव्या दिल्या. मग पाच गोळ्या झाडल्या. मी सांगत गेले: मध्ये. मध्ये. जरा वर. मध्ये. पाचवं भोक मला वेगळं सापडेचना, ते आधीच्याला चिकटून होतं.

मामाने दुर्बिणीला डोळा लावला नाही. चालत कागदापर्यंत गेला. तिथे पाठमोरा उभा राहून त्याने भोकांवर तळहात ठेवला. पाचही झाकली गेली असावीत, कारण त्याने हात सरकवला नाही. परत यायला त्याला वेळ लागला.

"म्हणजे माझी रायफल ठीक आहे?" उन्तोने विचारलं.

"तुझ्यापेक्षा शहाणी आहे."

"आणि सोमवारचं काय?"

"सोमवारी तू फोन करून सांग, येत नाही म्हणून. मला तिथे सगळे ओळखतात."

"काय कारण सांगू?"

"सांग, ओइवा दचकतो."

उन्तो हसला नाही. थर्मासकडे गेला आणि चार पेले भरले. मामाने आपला पेला घेतला, घोटही न घेता बाकावर ठेवला आणि पुन्हा चटईवर आला. भीती अजून त्याच्या अंगातच होती. खांदा कानाकडे ओढलेला होता, बोटं सारखी उघडमीट करत होती.

"काडतुसं भर," तो मामीला म्हणाला.

"कॉफी गार होईल."

"होऊ दे. पाच भर. नकली कुठलं ते सांगू नकोस."

"पाचही नकली घातली तर?"

"तर या पोरीला तरी पाच वेळा 'खाली' म्हणावं लागणार नाही."

मामी रायफल घेऊन पाठमोरी झाली. तिच्या हातात काडतुसं किणकिणत होती. त्याने भरलेली रायफल घेतली, दस्ता खांद्याला लावला. किती तरी वेळ त्याचं बोट चापावर येत होतं आणि जात होतं. मग आवाज झाला. काडतूस खरं होतं.

मी दुर्बिणीतून पाहिलं. "खाली," मी म्हणाले.

"माहीत आहे," मामा म्हणाला, आणि बोल्ट ओढला.