हरा म्हणाले, तेव्हा सिग्नल लाल होता

मानिक चौकात मित्राच्या कापडाच्या दुकानात मी मधुकाकांची नक्कल करत होतो. तोच घोगरा आवाज, तंबाखू गालात धरून बोलणं... मित्र हसून हसून गठ्ठ्यांवर आडवे. तेवढ्यात रामसेवक सायकलवरून उतरला आणि दारातच पांढरा पडला. रामसेवक म्हणजे काकांच्या इंजिनात कोळसा टाकणारा जुना फायरमन. म्हणाला, "भैया, अभी उन्हीं के घर से आ रहा हूँ... चले गए. तो यहाँ बोल कौन रहा है?" महिना होऊन गेला, तो आवाज मी पुन्हा काढलेला नाही.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. राहायचे नगऱ्यात, रेल्वेवाल्यांच्या वस्तीत, चालवायचे वाफेचं इंजिन. इंजिनात रीत अशी, की एकानं सिग्नल पाहून मोठ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं स्वतः पाहून तेच परत म्हणायचं. "हरा!" "हरा!" इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. काकू हाक मारायची, "पानं वाढलीत!" न्हाणीतून काका, "पानं वाढलीत!" काकू वैतागायची, "अहो, मला ठाऊक आहे, मीच वाढलीत!"

बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात काकांचं डोकं रोज सकाळी दुखायला लागलं. उलटी झाली की जरा बरं वाटायचं, म्हणून काकूनं सगळं खापर बाजारातल्या कचोरीवर फोडलं. एकदा गेलो तर काका उशीत कान दाबून पडलेले. "नकल्या, ऐक. भिंतीमागे इंजिन उभंय. हूश... हूश..."

"काका, भिंतीमागे जोश्यांची न्हाणी आहे."

"मग जोश्यांना विचार, वाफ का सोडतायत."

मी खूप हसलो. मग गंमत म्हणून भिंतीला कान लावला. काहीच नव्हतं. वळून पाहिलं तर काका खाटेवर बोटानं ताल धरून होते, आणि त्यांच्या मानेवरची शीर बरोब्बर त्याच तालात उडत होती...

मग ती संध्याकाळ. आम्ही दोघं रुळांवरच्या पुलावर फिरायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना पॅसेंजर न्यायची होती. चपलेचा अंगठा नीट करायला काका वाकले आणि उठले. समोर सिग्नल लाल. मला खोडी सुचली. रामसेवकच्या आवाजात मी ओरडलो, "हरा!"

सिग्नलकडे तोंड करून, टक्क उघड्या डोळ्यांनी काका म्हणाले, "हरा!"

मी हसणारच होतो. पण ते डोळे... समोर रोखलेले होते आणि त्यांतून कुणी बघत नव्हतं. थोड्या वेळानं पापणी हलली. हळूच म्हणाले, "लाल आहे की."

"मघाशी दिसला नाही?"

"सगळं राखाडी झालं होतं. वाकून उठलं की होतं मधूनमधून. लगेच जातं."

"इंजिनात पण होतं?"

काका कठडा घट्ट धरून म्हणाले, "रामसेवक आधी ओरडतो... मी त्याच्या मागून. मला वाटायचं, मी बघूनच म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी ते गाडीवर गेले नाहीत, काकूला आणि मला घेऊन रेल्वेच्या दवाखान्यात नजर तपासायला गेले. अगदी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. तपासणारा खूश. "एकदम फिट, ड्राइवर साहब! जाइए, गाड़ी चलाइए." काकूचा चेहरा उजळला. इंजिन सुटलं तर काकांचं काय उरेल, हे तिला माहीत होतं. काका स्टुलावरून उठेनात. म्हणाले, "नहीं चलाऊँगा. मेरे पीछे डिब्बे लगे रहते हैं, साहब."

मग इलाइट चौराह्याजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब टाकले, खोलीत अंधार केला आणि बारीक दिवा लावून डोळ्याच्या पार आत बघत राहिले. "नज़र अच्छी है. पीछे नस की जड़ सूजी है, दोनों आँखों में. दबाव खोपड़ी के अंदर का है." मग सहज विचारावं तसं विचारलं, "कान में आवाज़ आती है क्या? धड़कन के साथ, हूश-हूश?" काकूनं माझ्याकडे पाहिलं, मी काकूकडे. भिंतीमागच्या इंजिनाचं डॉक्टरांना कुणीच सांगितलं नव्हतं.

डोक्यात गाठ निघाली. मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं. जीव वाचला, नजर मात्र ओसरत ओसरत काही वर्षांत पूर्ण गेली. इंजिनावर ते पुन्हा कधी चढले नाहीत. मी एकदा नको ते विचारलंच, "काका, त्या दिवशी गाडी नेली असती तर?"

"त्याच्या आधी नेल्याच की रे," आंधळे डोळे माझ्याकडे वळवून ते म्हणाले. "त्या फेऱ्यांत सिग्नल खरंच हिरवे होते का, ते एकट्या रामसेवकला माहीत." आणि हसले. मला काही हसू आलं नाही. शेवटी गाठ परत वाढली आणि काका गेले.

तेराव्याला रामसेवक आला. तो आता स्वतः ड्रायव्हर आहे; इंजिनात तो आणि हाताखालचा एक पोरगा, दोघंच. जेवण झाल्यावर ओसरीवर माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "लड़का 'हरा' बोलता है तो हम फ़ौरन नहीं बोलते, भैया. पहले चुप रहते हैं. अच्छे से देख लेते हैं. लड़के घबरा जाते हैं, कि उस्ताद बोल क्यों नहीं रहे." मग आत भांडी आवरणाऱ्या काकूला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"उतनी देर इंजन में तीन आदमी रहते हैं."