नानक की मालक

संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार, सकाळ. बारवेपाशी हजर: रस्त्याचे इंजिनिअर, सरपंच, जेसीबीचा चालक, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी आणि आमच्याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले सरदारसर. घाटनांदूरकडे जाणारा रस्ता रुंद होणार होता आणि ही जुनी पायऱ्यांची बारव मध्ये येत होती. ती राहावी असं गावाला वाटत होतं, सर्वांत जास्त सरांना. आणि सरांच्याच एका वाक्यानं ती गेली.

पुराव्याशिवाय सर काही मानत नसत. स्टाफरूममध्ये कुणी चहा गोड झालाय म्हटलं, तर "पुरावा?" म्हणत स्वतःचा कप पुढे करत. आजी वारली म्हणून सुट्टी मागणाऱ्या पोराला म्हणाले होते, "उन्हाळ्यातबी वारली होती. साधनं तपासावी लागतील."

पगडी पाहून नवखे लोक त्यांच्याशी हिंदी सुरू करत. "आमी दखनी शीख," सर सांगत. "खापरपणजोबा निजामाच्या फौजेत आले, ते हितलेच झाले. पंजाबी मला तुमच्याइतकीच येती."

रोज पहाटे गुरबाणीचा पाठ करणारा हा माणूस वर्गात मात्र गुरू नानकांच्या प्रवासाबद्दल फार जपून बोले. "मक्का, बगदाद, लंका. कथा लई हायेत. पण जन्मसाख्या, म्हंजी गुरूंच्या चरित्रकथा, त्यांच्या मागनं लिहिल्या गेल्या. बगदादला शिलालेख निघाला, तर तो कसा वाचायचा यावरबी एकमत न्हाई." मी एकदा विचारलं, "सर, मग तुम्ही स्वतः मानता की नाही?"

"मी मानतोच की, बाई. श्रद्धा माझी एकट्याची हाय. पुरावा सगळ्यांचा असावा लागतो."

आमच्या बारवेच्या भिंतीतल्या देवळीत फारसी लिपीतला एक दगड होता. बिदरकडे जाताना नानक इथं पाणी प्याले, असं गाव पूर्वापार सांगे. सरांनी जाणकार आणून दाखवले. एकानं 'नानक' वाचलं, दुसऱ्यानं 'मालिक'. त्या लिपीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच दिसतात, आणि फरक दाखवणारी जागाच नेमकी झिजलेली. फोटोत ती काळी येई. तिरप्या उजेडात दगड तपासणारे एक गृहस्थ हैदराबादला होते. त्यांना आणायचं सरांच्या मनात होतं.

त्या सोमवारी इंजिनिअर सरळ म्हणाले, "यावर गुरू नानकांचं नाव असेल तर मी वर कळवतो. रस्ता वळवता येईल. आहे का?"

सरपंच सरांच्या कानाशी लागले. "सर, हाय म्हणा. एवढंच."

"असू शकतं," सर म्हणाले.

"असू शकतं कावून? हाय म्हणा की!"

"मालकबी असू शकतं."

"आता ह्यो कोण मालक मधीच?"

"ज्यानं बारव खांदली, तो."

चालक हसला. "मालक कुनीबी असू द्या, मशीन भाड्याची हाय. लवकर ठरवा."

मीही सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "सर, कुणाचं नुकसान होतंय?"

सर म्हणाले, "बाई, आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली. आता गुरूंच्याच नावानं खोटी साक्ष देऊ?" मग इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "खात्रीनं सांगता येत न्हाई. दगड तेवढा सांभाळून काढा."

सरपंच त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्याच आठवड्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलीनं त्यांना नांदेडला नेलं. बारव बुजवायला सुरुवात झाली तेव्हा मी उभी होते. पहारीनं, हळूहळू, माणसं लावून दगड सोडवला. कुणी हलगर्जीपणा केला नाही. तरी तो दुभंगला, त्याच शब्दावर, आणि मधल्या अक्षरांचा भुगा माझ्या पायाशी पडला. दोन तुकडे शाळेच्या कपाटात ठेवले आहेत. हैदराबादच्या गृहस्थांना कळवलं. आता वाचण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांनी सांगितलं.

दर रविवारी सरांची मुलगी फोन त्यांच्या कानाला लावते. जीभ जड झाली आहे. कसेबसे तीन शब्द येतात. "दगड वाचला का?"

वाचला म्हणजे शाबूत राहिला का, की कुणी वाचून पाहिला का, हे मी विचारत नाही. दोन्हीचं उत्तर एकच आहे. तब्येतीचं बोलते, औषधांचं विचारते, फोन ठेवते. सरांना सांगायचं अजून राहिलं आहे.