पुस्तक मिटून सांगितलेला धडा
केडगावच्या रस्त्यावर गुऱ्हाळाचा गोड, धुरकट वास आला की माझं डोकं अजून तापतं. मी दहावीत असताना आई तिथं गुळाच्या कढईखालच्या चुलवणात उसाचं वाळलेलं चिपाड टाकायची. शाळा सुटली की मी तिच्याजवळ बसायचे आणि पुस्तक मिटून धडा माझ्या शब्दांत सांगायचे. अडखळले की ती म्हणायची, "न्हाई कळलं. परत सांग." थोडे दिवस गेले की तोच धडा पुन्हा विचारायची. सहामाहीत मी विज्ञानात पहिली आले, तर विज्ञानाच्या सरांनी वर्गासमोर माझा पेपर नाचवला. "बौद्धवस्तीतल्या पोरीला एवढं कुठनं येतंय? कुणाचं बघून लिहिलंस?" मी म्हणाले, "सर, आत्ता कुठलाही धडा विचारा." त्यांनी विचारलं नाही, सरळ शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी आई काजळीच्या हातांनी शाळेत आली. "सर, तुम्ही तिला इचारा तरी." "माझा तास हाय, बाई," म्हणत सर वर्गात शिरले. मी त्यांच्यामागून गेले आणि फळ्यासमोर उभी राहून प्रकाशाच्या अपवर्तनाचा अख्खा धडा मोठ्यानं सांगितला. सर मान खाली घालून हजेरी लिहीत राहिले. मार्क मिळाले नाहीतच. आता मी विज्ञानच शिकवते. तो धडा आला की शब्द अडत नाही, पण आवाज अजून चढतो.