न बिघडलेल्या पोकलेनचा मिस्त्री

“चूप राहा बापा थोडा वेळ. मले आयकू द्या.”

सकाळी साइटवर पाय ठेवला की मिस्त्रींचं हे वाक्य ठरलेलं. चालू इंजिनावर हातभर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं ते पोकलेनच्या पोटातलं ऐकत. तेवढ्या वेळात आजूबाजूला कोणी खोकलेलंही त्यांना चालत नसे. मी एकदा शिंकलो, तर त्यांनी सगळं इंजिन पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

अड्याळकडच्या कालव्याच्या त्या कामावर मी मशिनरी इन्चार्ज होतो. हे पद फार मजेचं आहे. मशीन चालू असली की तुमची कोणाला आठवण नसते, आणि बंद पडली की नागपूरच्या शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तुमचंच नाव. तीन पोकलेन, दोन रोलर आणि पाच टिप्पर एवढा माझा संसार. मशीन थांबलेली दिसली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. आणि हा माणूस आल्या दिवसापासून रोज सकाळी चांगली धडधाकट मशीन अर्धा तास अडवून ठेवायला लागला!

“अहो मिस्त्री, बिघडलं काय आहे हिचं?”

“काईच नाई.”

“मग काहून थांबवली?”

“बिघडू नये म्हनून. बिघडल्यावर त कोनीबी करते, साहेब.”

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. घरातून निघताना गॅस तीनदा बघणारा, कुलूप लावून पुन्हा ओढून पाहणारा. आपण त्याला हसतो आणि गावाला जाताना घराची किल्ली त्याच्याकडेच देतो.

त्या अर्ध्या तासात मिस्त्री एकेका पिनेत ग्रीस भरत. इंजिनातलं ऑइल चिमटीत घेऊन चोळत, वास घेत. डिझेल तर ते ड्रममधून सरळ टाकीत पडूच देत नसत. त्यांच्या बायकोचं जुनं सुती लुगडं चार पदरी करून त्यातून गाळायचे. मी म्हटलं, “मशीनमध्ये फिल्टर आहे ना?”

“हाये ना. पन तो कंपनीचा हाये. हे घरचं.”

आणि गाळून झालं की फडक्यावर राहिलेला गाळ माझ्या नाकापुढे धरायचे. “हे तिच्या पोटात गेलं असतं,” असं इतक्या काळजीनं म्हणायचे की मलाच मळमळायला लागे.

सगळ्यात जास्त चिडायचा तो देवराव. हा आमचा मोठ्या पोकलेनचा ऑपरेटर, राहणारा अड्याळचा. हात सोन्याचा आणि तोंड फाटकं. सीटवर बसून ओरडायचा, “काकाजी, मशीन चालू द्यान का दिवसभर तिची मालिशच करत बसान?” मिस्त्री खालून फक्त ग्रीसचा हात हलवत. त्याचा अर्थ ‘बस गुमान’ असा होता.

या दोघांची खरी जुंपली ती दसऱ्याला. दसऱ्याला मशीनची पूजा होते, ती सगळीकडेच होते. पण देवरावचं सगळं दांडगं. त्यानं भंडाऱ्याहून झेंडूचं पोतंच आणलं. पुढच्या लांब बूमला हार, केबिनला हार, पाठीमागच्या जाळीच्या दारावर तर असा दाट पडदा की आत रेडिएटर आहे हे कोणाला कळू नये. नारळ फुटला, प्रसाद वाटला, फोटो झाले. मिस्त्रींनी भक्तिभावानं नमस्कार केला, खोबऱ्याचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच जाळीवरचे हार काढायला घेतले.

देवराव खवळला. “काकाजी, पूजा मोडून राहिले तुमी!”

“देवाले फूल पायजे रे. रेडिएटरले हवा पायजे.”

हार काढून मिस्त्री दुसऱ्या मशीनकडे गेले, आणि देवरावनं मागून सगळे हार पुन्हा बांधले. वर दोन जास्तीचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच पोकलेनचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि आमचं काम खोळंबलं. मी धावत गेलो. पंख्यानं ओढून ओढून झेंडूच्या पाकळ्या रेडिएटरच्या बारीक खाचांत अशा ठासल्या होत्या की बोटभर जागा मोकळी नव्हती. वरून वाफ येत होती आणि साइटभर शिजलेल्या झेंडूचा वास सुटला होता.

मी शिव्यांना सुरुवात करणार तेवढ्यात मिस्त्रींनी मला हातानं मागे सारलं. देवरावला एक शब्द बोलले नाहीत. फक्त एक बारीक तार त्याच्या हाती दिली आणि बाजूला उकिडवे बसले. देवराव एकेक पाकळी उपसत होता आणि हे शांतपणे मोजल्यासारखे बघत होते. शेवटी देवरावच रडकुंडीला येऊन म्हणाला, “बोला ना जी काकाजी काईतरी!”

“डावीकडची राहिली,” मिस्त्री म्हणाले.

त्या दिवसानंतर देवराव सकाळी मिस्त्रींच्या आधी येऊन ग्रीसगन घेऊन उभा राहायला लागला. बाकीचे ऑपरेटरही सुधारले. आणि मीही, आता कबूल करायला हरकत नाही, घड्याळ बघायचं सोडलं.

मिस्त्री राहायचे कारध्याला. तीस वर्षं या माणसानं राजस्थानात, झारखंडात, कुठकुठल्या घाटांत आणि धरणांवर काढली होती. वर्षातून दोनदा घरी यायचे, पाहुण्यासारखे. घराजवळ मिळालेलं हे पहिलंच काम. संध्याकाळी सहा वाजले की हात घासून धुवायचे, मोटारसायकलला किक मारायचे आणि जाताना रोज न चुकता मला ऐकवायचे, “जातो साहेब. भात चुलीवर असंन.” तीस वर्षं मेसमधलं थंड जेवलेला माणूस गरम भाताचं नाव असं घ्यायचा की आपल्यालाही भूक लागावी. निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी इथेच निघावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ते मागणं मी बुडवलं. होय, मीच.

झालं असं की एका महिन्यात आमच्याकडे एकही मशीन एक मिनिटसुद्धा बंद पडली नाही. माझ्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. महिन्याचा अहवाल नागपूरला जातो, त्यात ‘बंद वेळ’ असा रकाना असतो. त्यात मी वरपासून खालपर्यंत शून्यं काढली. इतका हरखलो की खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘याचं सर्व श्रेय मिस्त्रींना.’ वाटलं, शेठ खूश होईल, म्हाताऱ्याला शाल-श्रीफळ देईल.

शेठ आला. शून्यांवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, “मशीन बंदच पडत नाही, तो फिर ये मिस्त्री करता क्या है?”

मी समजावलं. उदाहरणं दिली, झेंडूचं सांगितलं, लुगड्याचं सांगितलं. शेठ लुगड्याला खूप हसला. मग म्हणाला, “ओडिशाच्या खाणीवर आपल्या चार मशीन झोपल्या आहेत. मिस्त्री वहाँ चाहिए. सोमवारी पाठवून द्या.”

मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते ऑइलचा डबा पुसत होते. पुसत राहिले. मी म्हटलं, “नाही म्हणा. सोडा नोकरी.”

“घरावर स्लॅब टाकाचा हाये, साहेब. सोडून काय करू? पंक्चर काढू?” आणि थोड्या वेळानं, डब्याकडे बघतच, “घरी तिले कसं सांगू जी?”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उपाय काढला देवरावनं. शनिवारी सकाळी शेठ परत साइटवर येणार होता. देवराव मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, तुमी काई पाह्यलं नाई.” आणि मी खरोखर काही पाहिलं नाही. शेठ आला तेव्हा मोठी पोकलेन बंद. देवराव किल्ली फिरवतो, मशीन हूं की चूं करत नाही. देवरावनं कपाळावर हात मारून घेतला, “गेली जी! आता मिस्त्रीशिवाय नाई होत!” शेठचा चेहरा उतरला. मशीन बंद पडली म्हणून मनातून खूश झालेला मशिनरी इन्चार्ज त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली. बॅटरीचं झाकण उघडलं, आत पाहिलं. मग देवरावकडे पाहिलं. देवराव एक डोळा मारायला गेला आणि घाबरून त्याचे दोन्ही मिटले. मग माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली. म्हणा, मिस्त्री, म्हणा. पंप गेला म्हणा, इंजिन गेलं म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा!

“क्या हुआ? मोठं काम आहे का?” शेठनं विचारलं.

मिस्त्रींनी हात फडक्याला पुसले. एका शब्दानं त्यांचं ओडिशाला जाणं टळत होतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

“काई झालं नाई शेठ,” ते म्हणाले. “बॅटरीचं वायर ढिलं हाये. मशीन एक नंबर हाये.” त्यांनी पाना घेतला, दोन वेढे आवळले, आणि पोकलेन पहिल्याच किल्लीला चालू झाली.

शेठ गेल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. खरंच ओरडलो, वयाचा मान न ठेवता. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “सात महिने सांभाळली, साहेब. तिले चारचौघात बिमार म्हनू?”

सोमवारी दुपारी वरठीच्या स्टेशनवर मी त्यांच्या हत्यारांची पेटी घेऊन गेलो. मिस्त्रींच्या पत्नी, काकू, सोडायला आल्या होत्या. त्यांच्याशी नजर कशी मिळवावी ते मला कळत नव्हतं, पण त्याच म्हणाल्या, “तुमी मनाले लावून घेऊ नका, साहेब. यायले खोटं बोलताच येत नाई. मले पाह्याले आले होते तवा सगळ्यायसमोर सांगतलं, पोहे खारट झाले म्हनून.”

मिस्त्री म्हणाले, “झालेच होते.”

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, गाडी तासभर उशिरा. माझं डोकं सवयीनं फिरलं. मी रेल्वेच्या नावानं बोटं मोडायला लागलो, तोवर काकूंनी बाकावर डबा उघडला होता. घरून निघताना भरलेला भात अजून वाफाळत होता, बरोबर लाखोळीच्या पाल्याची भाजी. दोघं एकमेकांकडे तोंड करून जेवायला बसले. मला बोलावलं, पण मी नळावर पाणी प्यायचं निमित्त करून लांब उभा राहिलो.

पुन्हा भोंगा वाजला. फलाटभर लोक करवादले. आयुष्यभर कुठल्याही इंजिनाला मिनिटभरही बंद पडू न देणाऱ्या मिस्त्रींनी घास हातात धरून मला लांबूनच विचारलं, “काय म्हनलं साहेब?”

“अजून पाऊण तास!”

“होऊ द्या,” मिस्त्री म्हणाले, आणि काकूंपुढे ताट सरकवलं, “वाढ अजून भात.”